खाटेचे पाय

“आजपासून खैरखेडात कोणी येडं नाही!” सरपंच शेषरावांनी शाळेच्या ओट्यावरून जाहीर केलं आणि पुढ्यातल्या टेबलावर मूठ आपटली.

“मंग पुढच्या निवडणुकीले उभं कोण राहीन?” मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

सभा खदखदून हसली. विचारणारा कोण हे मागे वळून पाहायची गरज कोणालाच पडली नाही. पंजाबराव खाली मान घालून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. त्यांची पद्धतच ती. वाक्य सोडून द्यायचं आणि आपण असं बसायचं की जे काही घडलं ते शेजारच्या गावात घडलं असावं. पंचावन्न वर्षांत ते स्वतःच्या विनोदाला एकदाही हसले नव्हते, आणि या संयमाचा त्यांना थोडा गर्वही होता.

शेषरावांनी मूठ उघडून टेबलावरची नसलेली धूळ झटकली. “आता डॉक्टरसाहेब चार शब्द सांगतीन,” म्हणाले आणि खाली बसले. शाळेतच पंचायत भरे, म्हणून त्यांच्या डोक्यावर ग्रामपंचायतीची पाटी होती. दहा वर्षांत तिच्यावरचं राज्याचं नाव तिसऱ्यांदा रंगवलं होतं. ‘महाराष्ट्र’च्या खालून ‘मुंबई’ अजून दिसत होती आणि ऊन तिरपं पडलं की मध्यप्रदेशही डोकावायचा.

डॉक्टर भाऊराव वानखडे संग्रामपूरहून तीन कोस सायकल मारत आले होते. वय तिशीच्या आत, नाकावर चष्मा, पाटलोणीच्या एका पायाला सायकलची क्लिप अजून तशीच. नागपूरला जाऊन ते मनाच्या आजारांचं काही महिने शिकून आले होते आणि आता आजूबाजूच्या गावांना ते सांगत फिरत होते. सोबत कापडावर रंगवलेलं चित्र होतं. एका बाजूला हात आभाळाकडे फेकून उभा असलेला तरुण, दुसऱ्या बाजूला गुडघ्यात डोकं घालून बसलेला तोच तरुण. कुठल्याशा ड्रॉइंग मास्तरांनी दोघांना वेगवेगळे सदरे घातल्यामुळे गावानं त्यांना सख्खे भाऊ ठरवून टाकलं होतं.

“अंगाला जसा ताप येतो, तसा मनालाही येतो,” डॉक्टर म्हणाले. “आणि तो जास्त करून तरुण पोरापोरींना धरतो. सोळा, अठरा, वीस. आधी मन चढतं. पोरगं झोपत नाही, थकत नाही, एकसारखं बोलतं. डोंगराएवढे बेत करतं. मग एक दिवस मन उतरतं. पोरगं खाटेला लागतं. जेवत नाही, बोलत नाही, आंघोळीला उठत नाही. यात त्याचा आळस नसतो, आईबापाची चूक नसते, कोणाची करणी नसते. हा आजार आहे. आणि गावात लोक म्हणतात...”

“येडं झालं,” शेषरावांनी मदत केली.

डॉक्टर पुढे बोलत राहिले, पण पंजाबरावांच्या लक्षात आलं की रांगारांगांतून माना वळताहेत. वळताहेत त्या त्यांच्याकडे. चेहऱ्यांवर कौतुक होतं. शेवटी कारभारी उठून उभा राहिला. कारभारी हा पंजाबरावांच्या शेताशेजारचा, आणि त्यांच्या प्रत्येक विनोदाला पहिला हसणारा.

“डॉक्टरसाहेब, हे तं आमाले मालूम हाये,” कारभारी म्हणाला. “आमच्या पंजाबभाऊनं मांगच्या पोळ्यालेच सांगतलं.”

“काय सांगितलं?”

“चढनं, उतरनं, समदं. झडतीत सांगतलं. भाऊ, म्हना ना!”

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की खैरखेडात झडत्या होत. चार ओळी जुळवायच्या, त्यात गावातल्या कोणाचं तरी नाव ओवायचं, आणि शेवटी सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ करायचं. ज्याचं नाव येईल त्यानं रागवायचं नाही, हा नियम. जमलं तर त्यानं पुढच्या पोळ्याला उलट झडती म्हणावी. पंजाबरावांच्या झडतीला आजवर कोणी उलट म्हटलेलं नव्हतं. त्यांना मलकापूरपर्यंतच्या गावांतून बोलावणं येत असे.

“म्हना, भाऊ!” दोन-चार जण ओरडले.

पंजाबरावांनी सुपारी गालात सारली, धोतराचा सोगा सावरला आणि उभे राहिले. नाही म्हणायचं कारण त्यांना दिसेना. शहरातून शिकून आलेल्या माणसासमोर गाव आपलं नाव काढतंय, याचं बरंच वाटत होतं. त्यांनी गेल्या पोळ्याला म्हटली होती तश्शीच म्हटली:

“इंद्रभानचं इंजिन बाप्पा भलतंच झालं गरम,
मलकापूर गेलं मांगं, नाही सिग्नलची शरम!
कोळसा गेला सरून, आता यार्डात राह्यलं उभं,
गोजरबाई, लाव वो धक्का, हाललं पाह्यजे डबं!”

“हर हर महादेव!” सभेनं ठोकलं. बाया पदरात हसल्या. पोरं एकमेकांना ढकलू लागली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिल काढली. “पुन्हा सांगता? हळू सांगा. लिहून घेतो.”

पंजाबरावांनी पहिली ओळ सांगितली. डॉक्टरांनी ‘भलतंच’पाशी थांबवलं, लिहिलं, मान हलवली. दुसरी ओळ. पुन्हा थांबले. झडती अशी कधी कोणी मागितली नव्हती, अर्धी अर्धी ओळ, दुपारच्या उजेडात, महादेवाशिवाय. तिसरी ओळ. पेन्सिलीची कुरकुर ऐकू येत होती. चौथी ओळ सांगताना पंजाबरावांचा आवाज खाली आला आणि ‘गोजरबाई’ हे नाव त्यांना नीट उच्चारता येईना. सुपारी गालात अडकली होती असं म्हणावं, तर सुपारी केव्हाच गिळली गेली होती.

“हा इंद्रभान कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

ते कारभाऱ्यानंच सांगितलं, हौसेनं. गोजरबाईचा एकुलता एक, मॅट्रिक झालेला. गेल्या वर्षी चैतात त्यानं ठरवलं की मलकापूरहून रेल्वेचा फाटा खैरखेडाला आणायचा. नऊ दिवस नऊ रात्री झोपला नाही. सगळ्यांच्या वावरातून दोरी धरून खुंट्या ठोकत गेला. मलकापूरला जाऊन स्टेशन मास्तरांना भेटला, दिल्लीला पत्रं लिहिली, टेसन कुठं होणार ते शेणानं सारवून दाखवलं. मग एक दिवस दोरी टाकली ती टाकली. आडवाच झाला. खुंट्या मजबूत होत्या, त्या अजून बकऱ्या बांधायला कामी येत होत्या.

“आता कसा आहे तो?”

कारभाऱ्यानं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे.

“कोणी पाहिलंय त्याला? महिन्या-दोन महिन्यांत?”

प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्यानं पाहिला असेल. पंजाबराव मनातल्या मनात मोजू लागले आणि मोजता मोजता मागच्या पोळ्याच्याही अलीकडे येईनात. झडतीतला इंद्रभान रोज गल्लीत कानावर पडत होता. त्यामुळे खरा दिसत नाही, हे ध्यानातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी वही मिटली. “मला त्यांच्या घरी न्याल?” ते पंजाबरावांना म्हणाले. “तुम्ही त्याच्याकडे नीट पाहिलंय. एकही लक्षण सुटलेलं नाही.”

यात टोमणा होता की नव्हता, हे पंजाबरावांना रस्ताभर कळलं नाही. टोमण्यांच्या बाबतीत असं त्यांचं पहिल्यांदाच झालं.

गोजरबाईचं घर गावाच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला होतं. तिचा नवरा सुखदेव पंजाबरावांचा जोडीदार. आठ वर्षांपूर्वी गेला. त्याच्या पाठीमागे पहिल्या वर्षी पंजाबराव दर आठवड्याला येत, दुसऱ्या वर्षी सणाला, मग पोळ्याच्या झडतीत.

गोजरबाई दारात तूर पाखडत होती. तिनं डॉक्टरांची पिशवी पाहिली, मग पंजाबरावांकडे पाहिलं.

“नवी झडती जुळवून राह्यले काय, भाऊजी?” तिनं विचारलं. आवाज साधा होता. पाणी हवं का विचारावं तसा.

“डॉक्टर हायेत, वहिनी. संग्रामपूरचे.”

“माह्या घरी कोणी बिमार नाही.”

“नसू द्या,” डॉक्टर म्हणाले. “मी नुसता बसतो थोडा वेळ, आई. सायकलनं पाय दुखताहेत.”

ती थोडा वेळ सूप हलवत राहिली. मग सरकली.

आत अंधार होता. भिंतीकडे तोंड करून खाटेवर कोणीतरी निजलेलं होतं. गोधडीच्या वर केस दिसत होते, मानेपर्यंत वाढलेले. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली. मग उजेडात पाहावं म्हणून खाटेची माच धरून ती दाराकडे ओढली. खाट हलली नाही. त्यांनी जोर लावला. तरी हलली नाही. ते खाली वाकले.

खाटेचे चारही पाय वीतभर जमिनीत गाडलेले होते. भोवती माती ठोकून वरून शेणानं सारवलेलं.

“हे काय?”

“पोट्टे येत जात,” गोजरबाई म्हणाली. “दुपारी मी वावरात गेली का येत. खाटेले धक्का देत. मलकापूर, मलकापूर म्हनत दारापर्यंत नेत. येक दिवस उंबऱ्यावून खाली पाडली. त्याच्या कपायाले लागलं, पन तो काहीच बोलला नाही. मंग मीच गड्डे खनले.” काकडीच्या वेलाला मांडव कसा घातला हे सांगावं, तसं तिनं सांगितलं.

पंजाबराव उंबऱ्याच्या बाहेर होते. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी ते होते तिथंच राहिले आणि आपल्या जोड्यांकडे पाहू लागले.

डॉक्टर जमिनीवर बसले. इंद्रभानच्या पाठीशी हळू आवाजात काहीबाही बोलले. झोप लागते का, अन्नाला चव लागते का. मग पाठ म्हणाली, “नाही.” कुठल्या प्रश्नाला ते कळलं नाही. डॉक्टरांनी तेही वहीत लिहिलं.

“आई, याला औषध आहे,” बाहेर येऊन ते म्हणाले. “पण सुरू करण्याआधी मोठ्या डॉक्टरांनी पाहायला हवं. ते मंगळवारी अकोल्याहून संग्रामपूरला येतात. त्याला घेऊन या.”

“कशी आनू? रस्ता चावडीवून जाते. त्याले पाह्यलं का पोट्टे सुरू होतीन. मोठेबी होतीन.” तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. “नाही आनत मी.”

“याला असंच ठेवलं तर धोका आहे. हा आजार कधी कधी माणसाला विहिरीकडे, नाहीतर दोराकडे नेतो.”

“मालूम हाये,” गोजरबाई म्हणाली. “विहिरीचा दोर मी रोज घरात आनून ठेवते. उशाशी घेऊन निजते.”

सायकलवर चढण्याआधी डॉक्टरांनी पाटलोणीची क्लिप नीट केली. पंजाबरावांना ते काही म्हणतील, खरं म्हणजे म्हणावं, असं पंजाबरावांना वाटत होतं. “मंगळवारी दहाला,” एवढंच ते म्हणाले.

घरी झुंबरबाईनं ताट वाढलं. पंजाबरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसले. सगळं सांगितलं. सांगताना त्यांना अपेक्षा होती की बायको शिव्या देईल. पस्तीस वर्षांत तिनं ती संधी कधी सोडली नव्हती.

“झडती म्हनली तुमी, तवा मीबी हासली,” झुंबरबाई म्हणाली. “दोन दिस पोट दुखे माह्यं.” आणि तिनं आपलं ताट वाढलंच नाही.

पंजाबरावांनी दुसऱ्या दिवसापासून मोडतोड दुरुस्त करायला घेतली. आधी आपल्याच हत्यारानं. पोळा बारा दिवसांवर होता. पहिलीला पुसून टाकेल अशी झडती जुळवावी, म्हणून ते वावरातल्या बाभळीखाली बसले. ‘आजार’ म्हटलं की ‘बाजार’ धावत यायचा. ‘आई’ला ‘घाई’. जे जुळेल त्यात हसू आधीच येऊन बसलेलं असे, पाहुण्यासारखं पाय पसरून. संध्याकाळी ते रिकाम्या हातानं उठले.

मग त्यांनी पोरांना धरलं. गल्लीत ज्वारीच्या धांड्याच्या गाड्या ढकलत चार-पाच जण ‘लाव वो धक्का’ करत होते. पंजाबरावांनी कान पिळून बजावलं की ही झडती आजपासून बंद, डब्याला धक्का मारायचा नाही. पोरांनी माना डोलावल्या. दिवे लागायच्या आत गल्लीत नवी ओळ सुरू झाली होती:

“पंजाबआबा म्हनते लेका, डब्याले लावू नोका धक्का!”

चाल तीच. जमलीही बरी होती. एरवी त्यांनी त्या पोराला शाबासकी दिली असती.

राहता राहिला कारभारी. त्याला त्यांनी बांधावर गाठलं. “कारभारी, ते झडती पुन्हा म्हनाची नाही. कोनी म्हनली तं थांबवाची.”

“काऊन, भाऊ?”

“मी म्हनतो म्हनून. माही हाये ते.”

कारभारी मनापासून हसला. “तुमची कुठी राह्यली आता? गावाची झाली ते!” त्यानं हे कौतुकानं म्हटलं.

मंगळवारी सकाळी पंजाबरावांनी गाडी जुंपली. तळाला कडबा, वर घरातली सगळ्यात जाड गादी. चावडी टाळून नाल्यातून जायचं त्यांनी ठरवलं होतं. अर्धा कोस फेरा पडणार होता, चिखलात चाकं रुतणार होती, पण तिथं कोणी भेटणार नव्हतं. माफीही त्यांनी तयार केली होती. साध्या बोलण्यातली, सहा-सात वाक्यांची, यमक येऊ न देता. गोठ्यात उभं राहून त्यांनी ती तीनदा म्हणून पाहिली होती.

गोजरबाईच्या दारात गाडी थांबली. ती बाहेर आली. पंजाबराव खाली उतरले, पागोटं काढून हातात घेतलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “सुखदेव असता तं त्यानं मले जोड्यानं हानलं असतं. मी तुमाले तोंड दाखवाच्या लायक नाही, अन् या गावात माह्यासारखा दुसरा नालायक...”

ते थांबले. कानाच्या पाळ्या तापल्या. लायक-नालायक. ते शब्द आपणहून येऊन जोडीनं उभे राहिले होते, तोरणाखालच्या बैलांसारखे. पुढची पाच वाक्यं त्यांना आठवत होती, पण तोंड उघडायचा धीर होईना.

गोजरबाईनं वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली. मग गाडीतली गादी पाहिली. गाडीचं तोंड नाल्याकडे आहे तेही पाहिलं. आणि आत गेली.

बैलांनी दोनदा शेपट्या हलवल्या. आतून तिचा हळू आवाज येत होता, मग तोही थांबला. पंजाबराव पागोटं तसंच हातात धरून उभे. आपल्याला परत जा म्हटलं, तर गाडी इथंच सोडून पायी जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग ती दारात आली. हातात भाकरीचं गाठोडं आणि पाठीमागे इंद्रभान. दाराची चौकट धरून तो उंबऱ्यावर थांबला. दाढी छातीवर आली होती. कपाळावर आडवी खूण. उजेड सोसेना म्हणून त्यानं डोळ्यांवर हात धरला होता आणि त्या हाताचं मनगट पंजाबरावांच्या अंगठ्या-बोटाच्या कड्यात मावलं असतं. वर्षभरानं तो बाहेर येत होता आणि पाहायला गावातलं कोणी नव्हतं. पंजाबरावांनी आधार द्यायला हात पुढे केला. तो हात तसाच राहिला. इंद्रभान चाकाचा आरा धरून, दम घेत घेत, आपला आपण चढला आणि पाठमोरा बसला. गोजरबाई त्याला टेकून बसली.

पंजाबरावांनी कासरा हातात घेतला. काहीतरी म्हणायला हवं होतं. बैलांना निदान. त्यांनी जीभ टाळूला लावली.

“काका.”

आवाज गंजलेला होता. पंजाबराव बसल्या जागी पुरते मागे वळले. डोळे भरून आले होते. शिवी येवो, शाप येवो, थुंकला तरी चालेल, ते सगळं झेलायला तयार होते.

“काय बापू? बोल. बोल, माह्या राजा.”

इंद्रभाननं डोळ्यांवरचा हात काढला नाही.

“रस्त्यानं बोलू नोका,” तो म्हणाला.

पंजाबरावांनी मान हलवली. कासरा ओढला. गाडी नाल्याकडे उतरू लागली.

“बैलासंगबी नोका.”